थांबेल की नाही

घारपुरे बाईंनी फळ्यावर सिद्ध करून दाखवलं:
कुठलाही प्रोग्राम समोर आला
तर तो कधीतरी थांबेल की चालतच राहील
हे सांगणारी एकच एक रीत नाही.
असूच शकत नाही.
खडू ठेवला, हात झटकले,
म्हणाल्या, जा, डबे खा आता.

दुपारी तबल्याचा वर्ग.
गणितवाल्यांनाही एक कला सक्तीची,
आणि मातीकामाच्या जागा भरल्या होत्या.
धैवत पेरांवर तिहाई मोजतो:
पाच, एक दम, पाच, एक दम, पाच.
सोळाच्या घरात सतरा मात्रा,
आणि सतरावी म्हणजे पुन्हा पहिली.
मी म्हटलं, ह्याला आम्ही मॉड्युलो म्हणतो.
तो म्हणाला, मोडक्या मराठीत,
आमी समेवर येते म्हणतो.

संध्याकाळी काला घोड्याजवळच्या पुलावर.
खाली विश्वामित्री, चिखलात मगर,
जबडा उघडा,
अकरा मिनिटं तशीच.
थांबलीय?
की आत काही चालू आहे अजून?
इथून दोन्ही सारखंच दिसतं.

तेवढ्यात बाबांचा फोन, मांडवीतल्या दुकानातून.
गणित, कम्प्युटर, वर आता तबला.
हे सगळं नक्की कुठे जाऊन थांबणार गं?
सिद्ध झालंय बाबा, मी म्हटलं,
ते आधी सांगता येत नाही.

ते हसले नाहीत.
पलीकडे शिवणयंत्र थांबलं.
मी मात्रा मोजत राहिले.
चौदा, पंधरा,
आणि ते पुन्हा सुरू झालं.