चढण्याआधी

क्रेनच्या केबिनमध्ये संडास नसतो.
हे कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही.
दुक्मच्या बंदरावर, जमिनीपासून सत्तर मीटर वर
एक खुर्ची, दोन दांडे, वॉकीटॉकी,
पाण्याची बाटली,
आणि दुसरी एक बाटली, रिकामी.
बाटलीत न मावणाऱ्या गोष्टीचं काय?

तीनशे बारा पायऱ्या. उभी लोखंडी शिडी.
मार्चमध्ये एकदा पोट धरून उतरलो,
बादली जमिनीला टेकवून.
तिच्यातलं काँक्रीट आळत चाललेलं,
अठरा माणसं कमरेवर हात ठेवून उभी,
फोरमन मनगट बघतोय.
उतरलो. बसलो. काही झालं नाही.
पुन्हा चढलो.

मेसमध्ये मैद्याचे खुब्स, पांढरा भात,
भाजी म्हणजे बटाटा.
शेपू, अंबाडी, घेवडा
हे इथे फोनवर उच्चारायचे शब्द.

पहाटे माझे चार, कुंदाचे साडेपाच.
बाकीच्यांच्या बायका विचारतात, जेवलात का.
कुंदा विचारते, झालं का?
मी म्हणतो, नाही.
मग दोघंही जरा वेळ गप्प,
जणू कुणाची तरी वाट बघतोय.

औषधाच्या दुकानात बिजॉयकडे जुलाबाची गोळी मागितली.
दिली नाही.
म्हणाला, तू क्रेनवाला ना?
वर गेल्यावर गोळीला दया नसते.
मग फळीवरून एक डबा काढला.
पांढरी पूड, वास नाही, किंचित गोड,
कसल्याशा मुळातून काढलेली.
म्हणाला, ही तुला पचणार नाही, पचायचीच नाही.
तुझ्या आत राहतात त्यांचं हे जेवण.
त्यांना वेळेवर घाल. घाई करू नकोस.
किती जण आहेत?
हसला. तुमच्या कँपापेक्षा जास्त.

साडेचार रियाल. मनात गुणाकार केला,
डबा परत ठेवला, पुन्हा उचलला.

हावरेपणानं पहिल्या रात्री दोन चमचे.
पोटाचा नगारा झाला.
खोलीत सहा जण. टेकबहादुरनं खिडकी उघडली,
वारा रेती घेऊन आत आला,
तरी त्यानं ती उघडीच ठेवली.
मुनाफ दापोलीचा, अंधारातूनच म्हणाला,
तेलावायूचा मुलूख आहे, कबूल,
पण तू इथे नवी विहीर खणू नकोस.

बिजॉयनं कपाळावर हात मारला.
अर्धा चमचा, अर्धा! आणि पाणी, भरपूर पाणी.
धागा कोरडा गेला तर दोर होतो.

तेव्हापासून रात्री अर्धा चमचा.
टाकीचं पाणी कोमट, ग्लास स्टीलचा,
तळाशी फिरणारा पांढरा ढग.
आडवा झालो की आत त्यांची पाळी सुरू होते.
ना नाव, ना बिल्ला, ना कुणी त्यांना पाहिलेलं.
काम झालं तर कुणाला आठवत नाहीत,
थांबलं की सगळा देह त्यांचंच नाव घेतो.
मी बंकवर पडून ऐकतो.
बाहेर बंदराचे दिवे, जहाजाचा भोंगा.
कधी वाटतं, मीही असाच कुणाच्या तरी पोटात...
एवढ्यात झोप लागते.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे
रांगेत माझा तिसरा नंबर होता.
चमत्कार वगैरे काही नाही.
गेलो, आलो, हात धुतले.
फोन वाजला. झालं का?
झालं.
पलीकडे कुंदानं एवढा मोठा श्वास सोडला
की मला शरम वाटली, मग हसू आलं.
त्या दिवशी शिडी मोजली नाही.
वर पोचलो तेव्हा समुद्र नुकता
राखाडीतून निळा होत होता,
आणि मी कितीतरी दिवसांनी तो बघितला.

पुढच्या शुक्रवारी मुनाफ हळूच म्हणाला,
अर्धा चमचा मिळेल?
मग टेकबहादुर, न बोलता, ग्लास घेऊन.
आता डबा खिडकीत असतो, महिन्याला वर्गणी.

अजूनही एखादा दिवस चुकतो.
बूट घालून शिडीपाशी उभा असतो मी,
तिचा प्रश्न येतो, मी नाही म्हणतो.
त्या दिवशी कुंदा फोन ठेवत नाही.