हायजिया

जनकगंजातल्या गच्चीवर शाळेची सहा इंची दुर्बीण.
पाण्याच्या टाकीला टेकून सलोनी कुशवाह,
हातात स्टॉपवॉच, मफलर नाकापर्यंत.
खालच्या गजकवाल्याचं तीळ कुटणं मघाशीच थांबलंय.
दोन वाजून अठरा मिनिटांनी
एक दगड एका ताऱ्यापुढून जाणार आहे.

दगड म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर,
ग्वाल्हेरहून जवळपास भोपाळपर्यंत.
मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात फिरतो,
कोळशासारखा काळा.
शंभर किरण पडले तर सात परत देतो,
बाकीचे ठेवून घेतो.

ठेवून घेणारी माणसं मला माहीत आहेत.
बाबा छोट्या लायनीवर फायरमन होते.
घोसीपुरा, मोतीझील, सुमावली, जौरा, सबलगढ,
एकतीस वर्षं फावडं.
रविवारी विटेच्या तुकड्याने घासूनही
नखांच्या कडा काळ्याच,
आणि खोकल्यात जे यायचं ते रुमालात दुमडून
खिशात घालायचे, न बघता, तिकिटासारखं.

या दगडाचं नाव हायजिया.
ग्रीकांची आरोग्याची देवी.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते,
स्टाफरूममध्ये, एकटीच.
तिचं एक वर्ष म्हणजे आपली साडेपाच.
बाबांची एकतीस म्हणजे तिची साडेपाच.
हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर मी तीनदा केला.
त्यातून काही निघत नाही.
बरोबर येतो, एवढंच.

"मॅडम, गया!"

तारा विझला.
पण अगदी अंधार नाही:
तो होता तिथे एक मळकट ठिपका,
इतका वेळ त्याच्या उजेडात बुडालेला,
आपले सात किरण घेऊन.

संध्याकाळच्या गाडीला मी फाटकाशी उभी राहायची.
भट्टीचं दार उघडलं की बाबा दिसायचे,
लाल, घामाने ओले,
दुसऱ्याच कुणाचे तरी बाबा असल्यासारखे.
दार लागलं की नुसता आवाज.

सतरा सेकंद, तीन दशांश.
तारा परत आला, काही झालंच नाही असा.

सलोनीने कागद गुडघ्यावर घेतला.
ढग: नाहीत. वारा: थोडा.
निरीक्षकाच्या रकान्यात आधी तिचं नाव, मग माझं.
"पूरा नाम, मॅडम?"
मी पूर्ण सांगितलं, मधल्यासकट.
तिने रंगोजीचं रामजी केलं.
खोडायला लावलं.
टॉर्च धरून परत लिहून घेतलं,
मगच दुर्बिणीला झाकण घातलं.