मुरा

ओसाकाहून मागणी आली, साठ मीटर,
आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एकच शब्द,
दोनदा अधोरेखित: मुरानाकु.

हिदेमासा नवा शिकाऊ, शहरात वाढलेला.
शब्द ऐकलेला होता, हाताला माहीत नव्हता.
फुसाएबाई रांजणावरचा निळा फेस काठीने सारत म्हणाल्या,
कापडात रंग कुठे जास्त पितो, कुठे रुसून बसतो,
त्याला म्हणायचं मुरा.
तो नसला की मुरानाकु.
"म्हणजे एकसारखं?"
"एकसारखं मी अजून पाहिलेलं नाही.
आपण मुरा शोधायचा. सापडेनासा झाला की थांबायचं."

आपण म्हणतो सरसकट,
आणि मोजायचं टाळतो.
त्यांचा शब्द वीत वीत तपासत येतो,
नाही, नाही, इथेही नाही.

कापड वर काढलं तेव्हा शेवाळी होतं.
वारा लागला तसं निळं व्हायला लागलं,
घडीच्या आत हिरवं राहिलं थोडा वेळ,
मग तेही गेलं.
पिळलं, पुन्हा बुडवलं. बावीस वेळा.
मध्ये रांजणाला मूठभर कोंडा, पेलाभर साके,
त्यालाही भूक लागते.

दुपारी कचेरीतला माणूस आला, छत्री, फाईल.
वरच्या वाटेने दारं मोजत गेला,
उतरताना म्हणाला, एप्रिलपासून तुम्ही शहरात.
म्हणजे कुणी कुठे जायचं नाही,
फक्त नकाशावर नाव नसेल,
कचऱ्याच्या पिशव्या सगळीकडे एकाच रंगाच्या.
नऊ घरं. चौदा माणसं, फुसाएबाई धरून.
त्यांनी त्याला बार्लीचा चहा दिला.
पेल्यावर निळा अंगठा उमटला,
तो त्याने रुमालाने पुसला.

गावालाही तिकडे मुराच म्हणतात.
चिन्ह निराळं, डोळ्यांचा घोटाळा होत नाही.
कानांचा होतो.

रात्री दिव्याखाली साठच्या साठ मीटर
त्यांनी हातावरून सरकवले.
काही सापडलं नाही.
मग पावती लिहायला बसल्या, आणि तो शब्द
लहान मुलांच्या साध्या अक्षरांत लिहिला,
ज्यांत नुसता आवाज असतो:
मुरा नाही.

हिदेमासाने वाकून पाहिलं.
"चिन्ह विसरलात?"
"नाही," म्हणाल्या. "शिक्का मार."