बारेकरी

देवरे मॅडमनी रिपोर्टच्या पाठीवर
वालाचे दोन दाणे काढले,
त्यांवर पेन टेकवून म्हणाल्या,
नऊ टक्के उरलंय. दोन्ही मिळून.
मी मान हलवली, बँकेत हलवते तशी.

आठवड्यातून तीनदा धुळं, चार-चार तास,
आणि परतल्यावरचा दिवस
बहुतेकांचा झोपेतच जातो.
मी बोटांवर मोजलं. सहा गेले.
करंगळी उरली.

पैसे नाहीत म्हणता आलं असतं
तर किती सोपं झालं असतं.
पण कार्डात सगळं बसत होतं.
काउंटरवरचा पोरगा खुशीत म्हणाला,
एक रुपया लागणार नाही, मावशी.

भटू सुरतेहून फोनवर: करायचंच.
प्रयत्नच केला नाही, असं नको व्हायला.
त्याच्यामागे कुणीतरी
साड्यांचे गठ्ठे मोजत होतं गुजरातीत.
म्हणावंसं वाटलं, ये, चार दिवस राहा,
रात्री दोनला भांडं धर.
म्हटलं नाही.
मग मला मलाच विचारावं लागलं असतं,
दमलंय कोण, कोकिळा?
नाना, की तू?

सेंटर दाखवायला नेलं.
अकरा खाटा, अकरा यंत्रं.
शिरपूरचा एक ड्रायव्हर, तिशीचा असेल,
मोबाइलवर क्रिकेट लावून
मोकळ्या हाताने पोहे खात होता.
त्याला हे हवंच. त्याच्या घरी पाळणा हलतोय.
नाना यंत्राशी वाकले,
लाल नळी जाते कुठे, येते कुठून,
एक्क्याण्णव वर्षांची मान लांबवून,
जसे पांझरेच्या पाटावर वाकायचे
रात्रीच्या बाऱ्याला,
फावडं खांद्यावर, कंदील चारीच्या काठाला,
या फडाचं झालं, आता त्या फडाचं,
आणि स्वतःच्या दोन बिघ्यांना
सगळ्यात शेवटी, उरलं तर.

"रगत धुईसनी मालेच परत देतस?"
हो, नाना.
"मंग नवं काय भेटी?"

मॅडम हसल्या नाहीत, ते मला आवडलं.
बाबा, वेळ मिळेल, म्हणाल्या. कदाचित.
या वयात कधीकधी तोही नाही.
मग माझ्याकडे बघून, हळू,
नाही केलं तरी आम्ही सोडून देत नाही.
सुजेला गोळी आहे. खाजेला आहे.
धाप लागली तर त्यालाही आहे.
"धाप लागली तर" मधला तो तर
मी पर्समध्ये घालून घरी आणला.

वाटेत फाट्यावर केळीची हातगाडी.
तीन महिने झाले, केळं बंद,
आमच्या खान्देशात, केळं बंद.
नाना जीपमधूनच म्हणाले, "एक ले.
आर्धं तुले."
मी घेतलं. सोललं. अर्धं केलं.
त्यांनी मोठा तुकडा माझ्या हातात ठेवला.

ठरलं असेल तर तिथेच ठरलं.
सही सोमवारी केली.
भटूला सांगताना घसा अडला,
तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला,
ताई, तू बघ.
हे तीन शब्द कुठे ठेवायचे
अजून कळलेलं नाही.

आज मंगळवार. धुळ्याचा दिवस असता.
नाना उशिरापर्यंत झोपले, मी दोनदा जाऊन
छाती हलते का बघून आले.
आता अंगणात पाठ उघडी टाकून बसलेत.
खाज सुटते, आतली घाण वर येते.
मी ओलं फडकं फिरवते, आणि ते
पाणी सोडल्यासारखे सांगत राहतात,
"खाले. आनखी खाले.
आते आठे. बस."

बरोबर केलं का, मी विचारत नाही.
विचारलं तर हो म्हणतील,
आणि तेही बारं मलाच दिलेलं असेल.

फडकं पुन्हा बुडवते.
पाणी गार झालंय.
आत जाऊन थोडं कोमट करून आणते.