आवाज येतोय का

गुरुवारी साडेआठला मी पार्किंगमध्ये उतरतो.
घरी सांगितलंय, बॅटरी उतरतेय,
अधूनमधून गाडी चालू करून ठेवावी लागते.
हे तसं खोटं नाही.

मोशीतली आमची सोसायटी, बी विंग, खांब सतरा.
अल्टोच्या स्टिअरिंगला फोन बांधतो
डब्याच्या दोन रबरांनी,
आणि भंडाऱ्याहून टेंभुर्णे मॅडम उगवतात.
मागे कपाट, कपाटावर शिलाई मशीनचं झाकण.
आवाज येतोय का?
येतोय. माझा?
येतोय.
पहिले दोन गुरुवार आमचं बोलणं जवळपास एवढंच झालं.

गेटवरचे शेलार काचेवर टकटक करून गेले होते.
त्यांना आधी वाटलं, बाईचं लफडं.
मग वाटलं, कर्जवाले.
आता लांबूनच टॉर्च मारतात,
जमिनीवर, तोंडावर नाही.

अकरा गुरुवार. गाडीचा आकडा हललेला नाही,
एकसष्ट हजार चारशे नऊ.
डिकीत स्टेपनीखाली एक क्वार्टर आहे.
चौथ्या वेळी मॅडमना सांगून टाकलं.
वाटलं म्हणतील, फेका.
त्या म्हणाल्या, आज ती तिथे राहू दे, तुम्ही इथे राहा.
मधे फक्त मागची सीट.

बालाजीचं मात्र मी तेच सांगत आलो
जे चौकशीच्या कागदावर आहे:
चाकण, रात्रपाळी, प्रेस क्रमांक चार,
सेन्सर बंद ठेवण्यात आला होता,
उजवा हात सापडला.
मराठी मोठी सोयीची भाषा.
हात सापडतो, मशीन चालू राहतं, चूक होते.
कुणी काही करत नाही.

आज मॅडम म्हणाल्या, श्वास बोटांवरून घेऊ.
एक पंजा उघडा. दुसऱ्या हाताच्या बोटाने
एकेका बोटावर चढा, उतरा.
चढताना आत, उतरताना बाहेर.
मी उजवा उघडला.
अंगठा चढलो, उतरलो.
तर्जनी चढलो, उतरलो.
पुढे रस्ता दिसेना.
उदगीरचा पोरगा, एकवीसचा,
त्याचा हात इथेच संपतो.
त्याला कुणी हा व्यायाम शिकवला तर?

मॅडम थांबल्या. मग अकरा आठवड्यांत पहिल्यांदा
पुस्तकातलं बोलणं बाजूला ठेवून,
काय होऊन राहिलं भाऊ तुम्हाले? सांगा न.

आणि मी सांगितलं.
सगळं, नाक पुसत, वायपरकडे बघत.
वर पाहिलं तर चेहरा गोठलेला,
तोंड अर्धं उघडं, डोळे मिटता मिटता राहिलेले,
मधोमध ते गोल गोल फिरणारं.
तळघरात रेंज अशीच.
किती पोचलं, किती खांबांमध्येच राहिलं,
कळेना.

मॅडम परतल्या. आवाज तुटला होता.
शेवटचं परत सांगाल का?

हो म्हणायला वेळ लागला.
मघाशी घडाघडा सांडलेलं
आता आठ शब्दांत मावलं.
टार्गेट होतं. मी त्याला सेन्सर बंद करायला लावला.

आला आवाज, मॅडम म्हणाल्या.
त्यानंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही.
रेंज उत्तम होती.

वर गेलो तर उज्ज्वला वाटाणे सोलत होती.
झाली का बॅटरी, तिने न बघता विचारलं.
म्हटलं, अजून नाही.
पुढच्या गुरुवारीही जावं लागेल.
बरं, म्हणाली.
एक शेंग दाबली, दाणे ताटलीत वाजले.
खाली डास असतात. कॉईल नेत जा.