ठोका क्रमांक १७,४१,७२५

उद्यमनगरात तिसऱ्या गल्लीत
वॉशर पाडणारा आमचा प्रेस.
त्याच्या कानशिलावर सात खिडक्यांचा काउंटर,
आणि रोज संध्याकाळी सहाला
त्या सात खिडक्या वहीत उतरवायचं काम माझं.

दिवसाला दोन हजार ठोके. सोमवारी सुट्टी.
भूपाल मगदूम पत्रा सरकवतात, पाय दाबतात,
वॉशर पाटीत, शेवटची खिडकी एक घर पुढं.
तीन वर्षं हेच.

मंगळवारी पावणेतीनला आवाज थांबला.
थांबलेला प्रेस पलीकडच्या लेथवाल्यालाही ऐकू येतो.
मी फ्यूज बघायला उठले,
तर मगदूम मागं सरून उभे, हातमोजे काढून.
"बघा," म्हणाले, "आला."

सतरा लाख एक्केचाळीस हजार सातशे पंचवीस.

मला आकडा दिसला. बाकी काही नाही.
त्यांनी चलनाची पाठ पुढं केली, पेन्सिलीनं भरलेली:
"सात आकडी हाय न्हवं? मग परत्येकाचा सातवा घात.
एकाचा एक.
साताचा आठ लाख तेवीस हजार पाचशे त्रेचाळीस.
चाराचा सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी.
पुन्ना एक. पुन्ना सात.
दोनाचा एकशे अठ्ठावीस, एवढासाच.
पाचाचा अठ्ठ्याहत्तर हजार एकशे पंचवीस.
आता करा बेरीज."

कॅल्क्युलेटरवर केली. मग विश्वास बसेना म्हणून
हातचे बोटांवर धरून केली.
एकेक खिडकी जुळत गेली उजवीकडून,
पाच, दोन, सात,
आणि माझ्या हातावर काटा.

सगळा भार दोन सातांचाच की, मी म्हटलं,
सोळा लाख सत्तेचाळीस हजार शहाऐंशी त्यांचेच.
"व्हय. पण ते दोन एक काढा बघू."
काढले.
दोन कमी पडले.

रात्रशाळेत कुरणे सरांनी सांगितलेलं, सत्त्याऐंशी साली:
सात आकड्यांत असे चारच.
चिठ्ठी लॉकरमध्ये, जोतिबाच्या तसबिरीमागं,
गुलालानं अर्धी पुसलेली.

मी माझ्या परीनं तपासला.
पंधरानं भाग गेला, पुन्हा पंधरानं गेला,
उरले सात हजार सातशे एक्केचाळीस.
त्यांना कुणाचाच पाढा लागेना.
तेरा लावला, एकोणीस, त्र्याऐंशीपर्यंत गेले,
मग सोडून दिलं. सोडायचं गणित सापडलं होतं.

मालक आले. "डाय तुटली काय?"
"न्हाई. चालूच हाय."
पाय दाबला.
शेवटची खिडकी सहावर.
एक सम संख्या, बस.

तो वॉशर कुठला, आता सांगता यायचं नाही.
बाकीच्यांसारखाच, तेलानं ओला,
कुठल्यातरी पंपात, बोल्टाखाली बसला असेल.

पुढचा बेचाळीस लाख दहा हजार आठशे अठरा.
दिवसाला दोन हजारनं चार वर्षं.
मगदूम दोन वर्षांत निवृत्त.
मी हे बोलले नाही.
चलनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक चार होता,
खोडलेला.

सहाला वही उघडली.
रीडिंग: सतरा लाख बेचाळीस हजार पाचशे चौदा.
मशीन बंद: चार मिनिटं.
कारणाच्या रकान्यात आजवर मी
वीज लिहिलंय, डाय, तेल, चहा.

आज लिहिलं, आकडा.

मालकांनी न वाचता सही केली.