शेडकार्ड, समुद्रपूर

समुद्रपूरला समुद्र नाही.
शेडकार्डावर मात्र पाच आहेत:
ओशन मिस्ट, सी फोम, मरीन, लगून
आणि एक नुसताच डीप.
मी वाचून दाखवते, गिऱ्हाईक बोट ठेवतं,
मी नंबर दाबते, यंत्र डब्यात थेंब सोडतं.
इंग्रजी वाचता येतं म्हणून
मला महिन्याला दोनशे जास्त.

कवडू पेंटरला शेडकार्ड लागत नाही.
"बैलाच्या शिंगाचा दे. बुडाकडचा, टोकाचा नोको."
मी देते मशरूम.
"हुरड्याचा दे, पन अजून दोन दिवस हायेत असा."
मी देते पिस्ताशिओ.
तो झाकण उघडतो, हुंगतो, मान हलवतो.
मशरूम त्यानं खाल्लेलं नाही,
मीही नाही.

परवा गिरजाबाई डंभारे आल्या.
घरकुलाची एकच भिंत, दारासमोरची.
"जवसाचा पायजे."
तेलाचा?
"फुलाचा वं. निया. सकायचा.
दुपारी गयते थो. गयलेला नोको."

मी निळ्याचं पान उघडलं.
पावडर ब्लू. "हा तं धुतलेला युनिफॉर्म."
स्काय. "कोनतं आभाय? कवाचं?"
कॉर्नफ्लॉवर.
"हे काय अस्ते?"
मोबाइलवर पाहिलं. तिकडच्या गव्हात
न पेरता उगवणारं तण. निळं.
गिरजाबाईंनी फोन हातात घेतला,
लांब धरला, जवळ धरला.
"म्हंजे निंदतानाच दिसलं त्याईलेबी."

आणि मला एकदम दिसली ती कोण कुठली,
विळा घेऊन कंबर सरळ करणारी,
तण उपटायच्या आधी
क्षणभर थांबलेली.
तिनं घरी जाऊन सांगितलं असेल कुणाला तरी.
तिथून शब्द निघाला तो
वीस लिटरच्या डब्यावर बसून इथं आला.

"पन हा थो नाही," गिरजाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या बसनं परत.
स्टीलच्या डब्यात ओला रुमाल, रुमालात फूल.
उघडलं तर तळाशी पाच पाकळ्या सुट्या,
कडा वळलेल्या, रंग अर्धा गेलेला.
बाई डब्याकडे बघत राहिल्या.
मग हातानं झाकून म्हणाल्या,
"याच्या आधीचा."

पांढरा बेस. निळ्याचे दोन थेंब. जांभळ्याचा अर्धा.
"अजून पाणी."
पुन्हा. "अजून."
चौथ्या डबीला त्या काहीच बोलल्या नाहीत.

यंत्र नवीन शेडचं नाव मागतं.
त्याला मराठी येत नाही.
मी रोमन अक्षरांत जवस लिहिलं,
सकाळ मावली नाही.

आता ते यादीत आहे, जॅस्मिनच्या खाली.
काल हिंगणघाटचा एक इंजिनिअर
बोट ठेवून विचारत होता,
हे 'जावास' कुठलं, इंपोर्टेड का?
लांबून येतं, म्हटलं.
अकराच्या बसनं.